पाईपलाईन लाल झाली, आता काय करायचं?

रात्रीची जेवणं आटोपलेली असतात. मुलगी लॅपटॉप घेऊन बसते आणि पाच मिनिटांत कपाळाला हात लावते.

"काय गं, काय झालं?" अम्मी विचारते.

"पाईपलाईन फेल झाली, अम्मी."

"मग वॉचमनला सांग ना, मोटर बंद कर म्हणावं."

हसू येईल, पण अशी घरं आता कमी राहिलेली नाहीत. बीसीए, बीएससी आयटी किंवा इंजिनिअरिंग करून आपली अनेक मुलं-मुली सॉफ्टवेअरच्या कामात गेली आहेत. त्यांच्या स्क्रीनवर रोज हिरव्या आणि लाल खुणा उमटतात. हिरवी दिसली की जीव भांड्यात पडतो, लाल दिसली की घाम फुटतो. ही लाल खूण काय असते, ती आल्यावर काय करायचं आणि काय अजिबात करायचं नाही, हे आज समजून घेऊ. नोकरीला लागलेल्यांना ते कामाचं आहेच, आणि घरच्या मंडळींनाही लेकरू कशापायी जागं आहे ते कळेल.

पाईपलाईन म्हणजे काय?

मोठ्या सॉफ्टवेअरवर एकाच वेळी दहा-वीस माणसं काम करतात. प्रत्येक जण आपला कोड लिहितो आणि सगळ्यांच्या सामायिक साठ्यात जमा करतो. या साठ्याला रेपॉझिटरी म्हणतात. कोड जमा झाला की एक यंत्रणा आपोआप जागी होते आणि ठरलेली कामं ठरलेल्या क्रमाने करते. नवा कोड उतरवून घेणे, त्याला लागणाऱ्या लायब्ररी इंटरनेटवरून आणणे, कोडपासून चालणारा प्रोग्राम तयार करणे, त्याच्या चाचण्या घेणे, तयार प्रोग्राम बांधून ठेवणे आणि शेवटी तो सर्व्हरवर चढवणे. प्रोग्राम तयार करण्याला बिल्ड म्हणतात, प्रत्येक कामाला स्टेप म्हणतात आणि या सगळ्या रांगेला पाईपलाईन.

जेनकिन्स, गिटलॅब आणि गिटहब ॲक्शन्स ही यासाठीची प्रचलित साधनं. जेनकिन्स यातलं जुनं. आधी त्याचं नाव हडसन होतं, २०११ मध्ये ते जेनकिन्स झालं. गिटहब ॲक्शन्स नोव्हेंबर २०१९ मध्ये सर्वांसाठी खुलं झालं. साधन कोणतंही असो, नियम एकच. एक स्टेप बिघडली की पुढच्या स्टेप थांबतात. कापड मापात कापलंच गेलं नसेल, तर शिलाई करून काय उपयोग?

माग थांबला पाहिजे

मालेगाव, भिवंडी, इचलकरंजीच्या वाचकांना ही गोष्ट पटकन समजेल. साध्या यंत्रमागावर ताण्याचा एखादा धागा तुटला तरी माग खडखडत चालूच राहतो. कारागिराची नजर गेली तर तो माग थांबवून धागा जोडतो. नजर चुकली तर कापडात लांबच लांब रेघ पडते आणि माल कमी भावात जातो.

जपानमध्ये साकिची टोयोडा यांनी १९२४ मध्ये असा स्वयंचलित माग पूर्ण केला, की उभा किंवा आडवा धागा तुटला तर तो स्वतःच थांबायचा. त्यामुळे प्रत्येक मागाजवळ उभं राहून पहारा करायची गरज उरली नाही आणि एक कारागीर बरेच माग सांभाळू लागला. पुढे त्याच घराण्याच्या टोयोटा मोटार कारखान्यात हीच रीत आली. कामगाराला दोष दिसला की त्याने दोरी ओढायची. दोष वेळेत निघाला नाही तर सगळी लाईन थांबते. दोरी ओढली म्हणून त्याला कुणी बोलायचं नाही, कारण दोष असलेली गाडी गिऱ्हाईकाच्या दारात जाण्यापेक्षा लाईन थोडा वेळ थांबलेली परवडते.

पाईपलाईनवरची लाल खूण म्हणजे तुटलेल्या धाग्याला थांबलेला माग. म्हणून लाल आली की पहिला विचार 'वाचलो' असा यायला हवा. दोष ऑफिसातच सापडला, लोकांच्या मोबाईलवर पोहोचला नाही.

यंत्राला कसं कळतं?

कॉम्प्युटरवर कोणतीही कमांड काम संपवताना एक आकडा मागे ठेवून जाते. त्याला एक्झिट कोड म्हणतात. शून्य म्हणजे काम झालं. शून्याशिवाय कोणताही आकडा म्हणजे झालं नाही. शाळेत शून्य मिळालं की नापास, इथे बरोबर उलटं आहे. पाईपलाईन प्रत्येक स्टेपनंतर फक्त हा आकडा बघते.

लिनक्सवरचे काही आकडे पाठ असले तर अर्धं निदान तिथेच होतं. १ ही सर्वसाधारण चूक. १२६ म्हणजे फाईल सापडली, पण ती चालवायची परवानगी नाही. १२७ म्हणजे कमांडच सापडली नाही. बहुतेक वेळा नाव चुकलेलं असतं किंवा ते साधन त्या मशीनवर टाकलेलंच नसतं. १३७ म्हणजे चालू काम जबरदस्तीने मारलं गेलं, अनेकदा मेमरी संपल्यामुळे. १४३ म्हणजे बाहेरून थांबायला सांगितलं गेलं. १३७ आलेलं असताना कोडमध्ये चूक शोधत रात्र काढणारे बरेच असतात. बिचाऱ्या कोडचा तिथे बहुधा दोष नसतो, मशीनला मेमरी कमी पडलेली असते.

पण हा आकडा फसवूही शकतो. तीन ठिकाणी खास सांभाळावं लागतं.

पहिलं, लांबलचक स्क्रिप्ट. दहा कमांडमधली तिसरी बिघडली तरी बॅश शेल चौथीकडे जातो आणि शेवटी दहावीचा आकडा सांगतो. दहावी नीट झाली तर सगळं हिरवं. यावर उपाय म्हणजे स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'सेट उणे ई' लिहिणे. मग पहिल्याच बिघाडाला स्क्रिप्ट थांबते. गिटहब ॲक्शन्स लिनक्सवर स्टेपमध्ये लिहिलेल्या कमांडना ही सोय स्वतः लावतं. पण त्या स्टेपमधून तुम्ही वेगळी स्क्रिप्ट फाईल चालवली, तर ती सोय त्या फाईलला आपोआप मिळत नाही. तिथे स्वतः लिहावं लागतं.

दुसरं, पाईप. चाचण्यांचा निकाल स्क्रीनवरही दिसावा आणि फाईलमध्येही राहावा म्हणून लोक तो 'टी' नावाच्या कमांडकडे वळवतात. चाचण्या नापास होतात, पण 'टी' आपलं लिहिण्याचं काम चोख करते आणि शून्य सांगते. जोडीतल्या शेवटच्याचाच आकडा धरला जात असल्यामुळे नापास चाचणी पास दिसते. 'पाइपफेल' हा पर्याय चालू केला की जोडीतलं कुणीही बिघडलं तरी बिघाड कळतो.

तिसरं, जाणूनबुजून केलेली झाकपाक. कमांडच्या शेवटी दोन उभ्या रेघा आणि 'ट्रू' असं लिहिलं की काहीही झालं तरी ती स्टेप हिरवी होते. घाईत कुणीतरी 'आजच्यापुरतं' म्हणून हे लिहितो आणि ते वर्षानुवर्षं तसंच राहतं. मागाच्या भाषेत सांगायचं तर धागा तुटल्यावर माग थांबवणारी पट्टीच काढून ठेवली.

प्रत्येक स्टेपसाठी चार पर्याय

पाईपलाईन लिहितानाच प्रत्येक स्टेपबद्दल विचारावं, 'ही बिघडली तर काय करायचं?' उत्तरं साधारण चार असतात.

१. थांबायचं. बिल्ड झाला नाही, महत्त्वाची चाचणी नापास झाली, पासवर्ड किंवा परवानगी चुकली, तर पुढे जायचंच नाही. काही लिहिलं नाही तर बहुतेक साधनं हेच करतात आणि ते योग्य आहे.

२. पुन्हा प्रयत्न करायचा. लायब्ररी आणताना नेट तुटलं, समोरचा सर्व्हर क्षणभर झोपला, तर दुसऱ्या वेळी काम होतं. गिटलॅबमध्ये एखादं काम जास्तीत जास्त दोन वेळा आपोआप पुन्हा करता येतं, आणि कोणत्या कारणासाठी करायचं हेही सांगता येतं. तिथे कारण जरूर लिहावं. मशीनचा बिघाड असेल तर पुन्हा करा, चाचणी नापास झाली असेल तर करू नका. एकच कोड असताना कधी पास, कधी नापास होणारी चाचणी असेल, तर पुन्हा पुन्हा चालवून ती हिरवी करण्यात अर्थ नाही. तिच्या मागे बहुधा वेळेचा, क्रमाचा किंवा दोन कामांच्या टकरीचा खरा दोष असतो, आणि तोच उद्या गिऱ्हाईकाला भेटतो.

३. खूण करून पुढे जायचं. कोडची मांडणी तपासणारी किंवा पुढच्या आवृत्तीवर चालून बघणारी स्टेप बिघडली म्हणून सगळं अडवायची गरज नसते. गिटलॅबमध्ये 'अलाऊ फेल्युअर' लावलं की ती नारिंगी दिसते. जेनकिन्समध्ये 'अनस्टेबल' म्हणजे पिवळी अवस्था आहे. गिटहब ॲक्शन्समध्ये 'कंटिन्यू ऑन एरर' लावलेली स्टेप बिघडली तरी तिचं काम हिरवंच ठरतं, म्हणून तिथे जास्त जपावं. ज्या स्टेपला अशी सवलत दिली, तिची यादी ठेवावी आणि महिन्यातून एकदा ती उघडावी. नाहीतर नारिंगी रंगाची डोळ्यांना सवय होते आणि तो दिसेनासा होतो.

४. काही झालं तरी करायचंच. तात्पुरता उभा केलेला सर्व्हर बंद करणे, लॉग जपून ठेवणे, टीमला निरोप देणे ही कामं बिघाडानंतरही व्हायला हवीत. त्यासाठी गिटहब ॲक्शन्समध्ये 'ऑलवेज' ही अट आहे, गिटलॅबमध्ये 'आफ्टर स्क्रिप्ट' आणि जेनकिन्समध्ये 'पोस्ट' हा भाग. नवशिक्यांची इथे एक हमखास चूक होते. चाचण्यांचा अहवाल जपून ठेवणारी स्टेप चाचण्यांच्या नंतर असते. चाचणी नापास झाली की ती स्टेपही वगळली जाते. म्हणजे अहवालाची खरी गरज असते तेव्हाच तो मिळत नाही. गिटलॅबमध्येही अशा फाईली, काही वेगळं सांगितलं नाही, तर काम यशस्वी झालं तरच ठेवल्या जातात.

याला जोडून वेळेची मर्यादा. अडकून पडलेली स्टेप ना पास होते ना नापास. गिटहब ॲक्शन्सची मूळ मर्यादा ३६० मिनिटांची आहे, म्हणजे सहा तास. गिटलॅबची ६० मिनिटांची. जे काम दहा मिनिटांत होतं, त्याला वीस मिनिटांची मर्यादा स्वतः घालून द्यावी.

अर्धवट झालेली स्टेप

पूर्ण बिघडलेल्या स्टेपपेक्षा अर्धवट झालेली स्टेप जास्त घातक. अमेरिकेच्या शेअर बाजारात व्यवहार करणाऱ्या नाइट कॅपिटल या कंपनीचं उदाहरण या धंद्यात सगळ्यांना माहीत आहे. तिथे नवा कोड आठ सर्व्हरवर चढवायचा होता. सातांवर चढला, आठव्यावर राहिला, आणि ते दुसऱ्या कुणी तपासलं नाही. त्या आठव्या सर्व्हरवर वर्षानुवर्षं न वापरलेला जुना कोड पडून होता. १ ऑगस्ट २०१२ च्या सकाळी बाजार उघडला आणि तो जुना कोड जागा झाला. ४५ मिनिटांत १५४ कंपन्यांच्या शेअरमध्ये ४० लाखांहून जास्त व्यवहार झाले आणि कंपनीला ४६ कोटी डॉलरहून जास्त नुकसान झालं.

यात दोन गोष्टी लक्षात घेण्यासारख्या आहेत. बाजार उघडण्याआधी त्यांच्याच यंत्रणेने या बिघाडाकडे बोट दाखवणारे ९७ ईमेल कर्मचाऱ्यांना पाठवले होते. ते इशारा म्हणून कुणी वाचलेच नाहीत. आणि गोंधळ सुरू झाल्यावर घाईत ज्या सात सर्व्हरवर कोड बरोबर होता, तिथला नवा कोड काढून टाकला गेला. मग तिथेही जुना कोड जागा झाला आणि आग वाढली.

म्हणून सर्व्हरवर चढवण्याच्या स्टेपला दोन सवयी हव्यात. काम झाल्यावर प्रत्येक सर्व्हरला 'तुझ्याकडे कोणती आवृत्ती आहे?' असं विचारून खात्री करणे, आणि स्टेप पुन्हा चालवली तरी नुकसान होणार नाही अशी ती लिहिणे. फी भरताना पावती अडकली आणि बटण पुन्हा दाबलं, तर फी दोनदा कापली जाता कामा नये. स्टेपचंही तसंच आहे. मागे परतायचा रस्ताही आधीच ठरवलेला आणि एकदा चालून बघितलेला असावा.

खबर पोहोचली का?

दुसरी घटना गिटलॅबची, म्हणजे जी कंपनी जगाला पाईपलाईन पुरवते तिचीच. ३१ जानेवारी २०१७ ला रात्री तिथल्या एका इंजिनिअरने दुरुस्ती करताना चुकून मुख्य डेटाबेसच्या सर्व्हरवरच्या फाईली काढून टाकल्या. क्षणात लक्षात आलं, पण साधारण ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार उरले होते. बॅकअप घेऊ म्हणून बघितलं तर बॅकअपची जागा रिकामी. रोजचं बॅकअपचं काम डेटाबेसच्या आवृत्तीशी न जुळणाऱ्या साधनाने चालत होतं आणि दर वेळी बिघडत होतं. बिघाड झाला की ईमेल जायचा, पण ईमेलच्या सुरक्षेची एक मांडणी नीट नसल्यामुळे तोही समोरून नाकारला जायचा. स्टेप फेल, तिची खबरही फेल, आणि वरून सगळं शांत.

नशिबाने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी काढलेली एक प्रत होती. तीवरून काम सावरलं. त्या सहा तासांतला डेटा मात्र गेला.

यातून शिकायचं ते असं. 'बिघडलं तर कळवा' एवढ्यावर भिस्त ठेवू नये. बॅकअपसारख्या महत्त्वाच्या कामाबद्दल 'ते शेवटचं नीट कधी झालं?' हे तपासणारी वेगळी सोय हवी. आणि कधीतरी मुद्दाम स्टेप बिघडवून बघावी, निरोप खरंच येतो का ते.

या घटनेनंतर गिटलॅबने काय केलं, तेही बघण्यासारखं आहे. दुरुस्तीचं काम त्यांनी यूट्यूबवर सर्वांसमोर केलं. नंतरच्या अहवालात एका माणसावर बोट ठेवलं नाही. 'हे का झालं?' आणि त्याच्या उत्तराला परत 'हे का झालं?' असं विचारत ते मुळापर्यंत गेले. पाच वेळा 'का' विचारायची ही पद्धतही टोयोटाच्या कारखान्यातूनच आलेली आहे.

लाल दिसल्यावर

आता नोकरीत नव्याने लागलेल्या मुला-मुलींशी थोडं बोलू. आपल्या कोडने पाईपलाईन लाल झाली की बाकीच्यांचंही काम अडतं, आणि मग भीतीपोटी चुका होतात. क्रम लक्षात ठेवा.

आधी टीमच्या ग्रुपवर एक ओळ टाका, 'मी बघतोय' किंवा 'मी बघतेय'. त्यामुळे पाच जण एकच गोष्ट शोधत बसत नाहीत.

मग लॉग उघडा आणि खालून वर जात पहिली चूक शोधा. शेवटच्या चुका बहुधा पहिलीच्या पोटातून आलेल्या असतात.

नेटचा किंवा मशीनचा बिघाड दिसला तर एकदा पुन्हा चालवा. एकदाच. दुसऱ्यांदाही लाल आली तर कारण शोधायला बसा.

पंधरा-वीस मिनिटांत सापडलं नाही तर आपला बदल मागे घ्या. सगळ्यांचा रस्ता मोकळा होऊ द्या, दुरुस्ती नंतर निवांत करा. मागे घेण्यात कमीपणा नाही.

आणि नापास होणारी चाचणी काढून टाकून, वगळून किंवा वर सांगितलेलं 'ट्रू' जोडून हिरवं करू नका. कुणी ज्येष्ठाने सांगितलं तरी निदान लिहून ठेवा की ही चाचणी का वगळली आणि कधी परत घेणार. तुमच्या हिरव्या खुणेवर भरवसा ठेवून दुसरा कुणीतरी रात्री ते सॉफ्टवेअर लोकांपर्यंत पोहोचवणार आहे. ते सॉफ्टवेअर रुग्णालयातलं असेल, बँकेतलं असेल, रेल्वेच्या तिकिटाचं असेल.

घरच्यांसाठी

अम्मी-अब्बूंनो, लेकराने 'बिल्ड फुटला' म्हटलं की लगेच 'तुझीच चूक असेल, नोकरीवर नाही ना येणार?' असं विचारू नका. घरात आणि शाळेत चूक झाली की ओरडा मिळतो, म्हणून मुलं चूक लपवायला शिकतात. वहीतलं लाल शेऱ्याचं पान फाडून टाकणारी मुलं प्रत्येक शिक्षकाने बघितली आहेत. तीच मुलं मोठी होऊन या पाईपलाईनसमोर बसतात, आणि तिथे पान फाडण्याची सवय महागात पडते. पाईपलाईन दिवसातून अनेकदा लाल होते, अनुभवी माणसांचीही होते. लाल झाली म्हणून सहसा नोकरी जात नाही. लाल लपवली आणि नुकसान झालं, तर मात्र विश्वास जातो, आणि तो परत मिळवायला फार वेळ लागतो.

त्यापेक्षा 'कुठली स्टेप अडकली?' असं विचारा. उत्तर समजलं नाही तरी चालेल. समजावून सांगता सांगता पुष्कळदा तिचं तिलाच सापडतं. आणि सापडलं नाही तर एक कप चहा करून द्या, वॉचमनला आज झोपू द्या.